गावाकडं माय-अण्णांना जुने शिणमे दाखवायचेत, स्वस्तात काय जमंल?

गोदाकाठ
मंडळी, रामराम. मी संभाजीनगरात, माय आणि अण्णा गंगाखेड तालुक्यात गावी. अण्णांनी पंच्याहत्तरी गाठली, शेत बटईनं दिलंय, गुडघ्यांमुळं पारावर जाणंही सुटलंय. दिवसभर बाजेवर बसून टीव्ही. डीटीएचचं रिचार्ज मी इथून दर महिन्याला मारतो आणि ते बघतात फक्त बातम्या, त्याही आवाज बंद करून. म्हणतात, "तेच ते भांडायलेत."

त्यांना पाहिजेत जुने मराठी शिणमे. अण्णांना तमाशापट आणि दादा कोंडके, मायला संतपट. टीव्ही बत्तीस इंची आहे, स्मार्ट नाही. मागं एक एचडीएमआय, एक यूएसबी आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीची भोकं. घर माळवदाचं. आत मोबाईलला रेंज नाही, माळवदावर चढलं की येते. एकदाच दोन-तीन हजार घालायची तयारी आहे, पण दरमहा खर्च नको. आणि मुख्य गोष्ट, मी तिथं नसताना त्यांचं त्यांना लावता आलं पाहिजे. मायला रिमोटवरची हिरवी आणि लाल बटणं तेवढी ओळखू येतात.

मांजराकाठी
सरळ डीडी फ्री डिश बसवा. माझं कामच छत्र्या बसवायचं हाय, लातूर-औसा भागात. एकदा डबा आणि छत्री घेतली की विषय संपला, महिन्याला रुपया नाही. प्रसार भारतीची सेवा हाय, २००४ पासून चालू. नव्यानं सगळं घेतलं तर दोन हजाराच्या आत-बाहेर पडतंय. पण तुमच्याकडं डीटीएचची छत्री हायच की. बऱ्याचदा तीच चालती, तोंड फिरवावं लागतं आणि एलएनबी, म्हंजी छत्रीपुढचं सिग्नल पकडणारं डोकं, बघून बदलावी लागती. मग फक्त डबा घ्यायचा. तेवढं आधीच्या कंपनीची छत्री तुमच्या मालकीची हाय का भाड्याची, ते बघून घ्या.

डबा घेताना एमपीईजी-४ वालाच मागा. जुना एमपीईजी-२ चा डबा शे-दोनशेनं स्वस्त मिळतो, दुकानदार तोच गळ्यात मारतो, आणि त्याच्यात वाहिन्या कमी दिसतात.

गोदाकाठ
दादा, त्यावर मराठी शिणमे लागतात का पण? सह्याद्री सोडून?

मांजराकाठी
लागतात, पण कोणती वाहिनी कवा असंल ह्याची हमी मी देत नाही. खाजगी वाहिन्यांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो, आणि १ एप्रिलला त्या मागंपुढं होतात. गिऱ्हाईक फोन करतंय, "काल दिसत होतं, आज गेलं, तुमची छत्री हलली." छत्री नाही हलली बाप्पा, वाहिनी गेली! ऑटो स्कॅन मारा, नवी आलेली असली तर दिसंल. सह्याद्री मात्र हलत नाही. हिंदी जुने शिणमे भरपूर.

आणि माळवदावर छत्री ठोकू नका. मातीत खिळा धरत नाही आणि पावसाळ्यात तिथूनच गळती लागती. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पाईप उभा धरून काँक्रीट भरा, तो डबा कोपऱ्यात भिंतीच्या डोक्यावर ठेवा. तोंड आग्नेयेला. उपग्रह जीसॅट-१५ हाय, ९३.५ अंश पूर्वेला. तिकडं लिंब-चिंच काही आडवं असंल तर आधी बघून घ्या. फांद्या हिवाळ्यात पानं गाळतात तवा सिग्नल येतो आणि पालवी फुटली की जातो, मग लोक डब्याला शिव्या देतात. जोरात पाऊस लागला तर चित्र जाणारच, त्याला इलाज नाही.

बिंदुसरा
मी बीडहून. फ्री डिश चांगलंच आहे, पण त्यात एक अडचण आहे जी छत्रीवाले दादा सांगणार नाहीत. शिणमा लागेल तेव्हा बघायचा, पाहिजे तेव्हा नाही. माझ्या सासूबाई दुपारी दोनला झोपतात आणि सगळे चांगले शिणमे दुपारी दोनला लागतात! वर दर दहा मिनिटाला जाहिरात. त्यांना वाटायचं शिणमा संपला, टीव्ही बंद करून टाकायच्या.

आम्ही शेवटी पेनड्राईव्हवर आलो. तुमच्या टीव्हीला यूएसबी आहे, म्हणजे अर्धं काम झालंय.

मांजराकाठी
ताई, जाहिराती आमच्या हातात अस्त्या तर काय पाहिजे होतं. 😀

हळद वसमत
एवढं डोकं कामून लावायलेत? टेलिग्रामवर सगळं फुकट हाय. नाव टाका, शिणमा उतरवा, पेनड्राईव्हमध्ये टाका. गावातला मोबाईलवाला पन्नास रुपयात कार्ड भरून देतो.

बिंदुसरा
देतो ना. आमच्या गल्लीतल्या एकानं शिणमा म्हणून फाईल उतरवली, ती निघाली एपीके, म्हणजे मोबाईलवर ॲप बसवणारी फाईल. दाबली आणि त्यानंतर त्याच्या मोबाईलवरून सगळ्या नातेवाइकांना लग्नपत्रिका म्हणून तीच फाईल जायला लागली. बँकेचं खातं कसंबसं वाचलं. म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये असली घाण नको.

खडकीकर
हळदवाल्या भाऊ, चोरीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. जुन्या सिनेमांच्या बाबतीत चोरी करायची गरजच कमी पडते, हे लोकांना माहीत नसतं. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट ६० वर्षं टिकतो. १९५७ च्या कायद्यातलं कलम २६ आहे. आधी मुदत ५० होती, १९९२ मध्ये १० वर्षं वाढवली. मोजायचं कसं, तर सिनेमा ज्या वर्षी प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे १९६५ चा सिनेमा १ जानेवारी २०२६ ला मोकळा झाला. दरवर्षी एकेका सालाची भर पडते.

आता मायबाईंच्या यादीकडं बघा. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, ज्याची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलेला. दोन्हींची मुदत कधीच संपली. अण्णांचा तमाशापट, 'सांगत्ये ऐका', १९५९ चा, त्याचीही मुदत संपली. इंटरनेट आर्काइव्ह नावाची ना-नफा संस्था चालवते त्या संकेतस्थळावर जुन्या भारतीय चित्रपटांच्या फाईली आहेत, तिथून थेट उतरवता येतात, लॉगिनसुद्धा लागत नाही. मात्र तिथं कुणीही काहीही चढवतं, म्हणून साल स्वतः तपासायचं. १९७५ चा सिनेमा तिथं दिसला म्हणजे तो मोकळा झाला असं नाही.

दादा कोंडके या हिशेबात बसत नाहीत. त्यांचे स्वतःचे सगळे सिनेमे १९७० नंतरचे.

किनवटचा पाहुणा
अण्णांना नेमकं तेच पाहिजे आणि तेच बसत नाही, हे आपल्याकडच्या पाण्याच्या पाळीसारखं झालं.

बाकी आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. गणपतीत वर्गणी काढून 'व्हिडिओ' आणायचे. रंगीत टीव्ही, व्हीसीआर, कॅसेटी आणि त्या सांभाळणारा एक माणूस, असं सगळं मिळून एका रात्रीचं भाडं. संध्याकाळी सात ते पहाटेपर्यंत तीन शिणमे. तिसरा चालू असताना अर्धं गाव पटांगणातच झोपलेलं. त्याच्या आधी जत्रेत तंबू. पडद्याच्या मागच्या बाजूनं बसलं तर तिकीट कमी, सगळी अक्षरं उलटी. अण्णांना विचारून बघा, त्यांनी निम्मे शिणमे उलटेच बघितले असतील.

गोदाकाठ
😂 विचारलं. म्हणाले, "उलटे नाही, तंबूच्या खालून शिरून बघितले."

खडकीकर, हे मोकळ्या सिनेमांचं खरंच माहीत नव्हतं. मग कोंडकेंचं काय करायचं?

खडकीकर
तीन वाटा आहेत. पहिली यूट्यूब. राजश्री, शेमारू, अल्ट्रा, एव्हरेस्ट या कंपन्यांकडं मराठी सिनेमांचे हक्क आहेत आणि बरेच पूर्ण सिनेमे त्या स्वतःच जाहिरातींसह चढवतात. चॅनेलच्या नावापुढं बरोबरची खूण आहे का ते बघायचं. कुणा हौशी माणसानं चढवलेली प्रत बहुतेक वेळा टीव्हीवरून काढलेली असते, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का, मधली दोन गाणी गायब.

दुसरी वाट म्हणजे यूट्यूबवरच भाड्यानं. काही सिनेमे तसे मिळतात. पैसे भरल्यावर ३० दिवसांत सुरू करायचा, सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. वर्षातून कधीतरी ठीक. तिसरी वाट जुन्या सीडी.

प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲपही आहे, नोव्हेंबर २०२४ पासून. दूरदर्शनचं जुनं बरंच काही फुकट आहे. पण ते मालिका बघणाऱ्यांना जास्त उपयोगाचं.

गोदाकाठ
यूट्यूबचं डाउनलोड करून पेनड्राईव्हमध्ये टाकता येईल का?

खडकीकर
नाही. ॲपमधलं डाउनलोड ॲपमध्येच राहतं, फाईल बाहेर काढता येत नाही. आणि मधूनमधून नेट लागतंच. त्यामुळं यूट्यूब म्हणजे नेट, आणि तुमच्या घरात रेंज नाही.

मांजराकाठी
रेंज माळवदावर येती म्हणलेत ना? मग जुना मोबाईल हॉटस्पॉट लावून माळवदाच्या सांदीत, जिन्याच्या डोक्याला ठेवायचा. मातीची जाड भिंत सिग्नल खाती, पण जिन्याच्या वाटेनं खाली वायफाय उतरतं. आमच्या एका गिऱ्हाइकानं असंच केलंय. उन्हात ठेवू नका तेवढं, एप्रिल-मेमध्ये फोन फुगतो.

ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर आली असंल तर तेही विचारा. काही गावांत घरोघर जोडणी देतात.

बिंदुसरा
डेटाचा अंदाज देते. यूट्यूबवर चित्राची स्पष्टता ४८० वर ठेवली तर तासाला साधारण अर्धा जीबीच्या पुढं जातं. अडीच तासाचा शिणमा म्हणजे रोजचा दीड जीबी संपला. ३६० वर ठेवा, आरामात बसतं. जुन्या शिणम्याची मूळ प्रतच धूसर असते, ७२० वर ठेवून धूसरपणा जास्त स्पष्ट दिसतो, बाकी काही नाही.

आणि ओटीटीचं वर्षाचं रिचार्ज घेताना 'फक्त मोबाईल' असं बारीक अक्षरात लिहिलंय का बघा. ते टीव्हीवर चालत नाही. स्वस्त दिसतं ते त्यामुळंच.

उदगीरकर सर
नमस्कार. निवृत्त शिक्षक आहे. चर्चा वाचतो आहे. माझ्याकडे सीडींचा मोठा संग्रह आहे. २००७-०८ च्या सुमारास मोजर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हा मी पगाराच्या दिवशी पिशवी घेऊन जात असे. घरचे हसत. आज त्यातल्या अनेक मराठी चित्रपटांची इतकी पूर्ण प्रत मला यूट्यूबवर सापडत नाही.

गोदाकाठ, तुमच्या टीव्हीला तीन रंगांच्या वायरीची सोय आहे ही मोठी गोष्ट आहे. नव्या टीव्हींत ती काढून टाकू लागले आहेत. जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात पाच-सातशेला मिळतो. बहुतेकांची फक्त लेन्स गेलेली असते. संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात बघा, पण तिथेच वीज जोडून, सीडी घालून, चालू करून दाखव म्हणावे. सीडी स्वतःची घेऊन जा. त्यांची सीडी नेहमी चालते.

सीडी पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नये, ओरखडा वाचणाऱ्या रेषेच्या दिशेने जातो आणि चित्र अडकते.

खडकीकर
सर, व्हीसीडी मोठ्या टीव्हीवर बघवत नाही हो. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र आहे ते. बत्तीस इंचीवर चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे दिसतात. डीव्हीडी चौपट स्पष्ट, ७२० बाय ५७६.

उदगीरकर सर
मान्य. म्हणूनच मी जुना डबा टीव्ही फेकलेला नाही. त्यावर व्हीसीडी सुरेख दिसते. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकलेल्या माणसाला ३५२ काय आणि ७२० काय! आवाज स्वच्छ हवा. व्हीसीडीचा आवाज चांगला असतो.

किनवटचा पाहुणा
सर, तुम्ही व्हीसीडीच्या दोन भागांच्या मधे उठून सीडी बदलायचा व्यायाम सांगायचा विसरलात. अण्णांच्या गुडघ्यांचं काय?

उदगीरकर सर
खरे आहे. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपासच मावते. त्यावर उपाय आहे. संगणकात सीडी घालावी, 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' अशा शेवटाची एक मोठी फाईल असते. तीच चित्रपट. ती उचलून संगणकात ठेवावी, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालते. दोन्ही चकत्यांच्या फाईली हँडब्रेक या फुकट प्रणालीतून एमपी४ करून घेतल्या की पेनड्राईव्हवर टीव्हीला चालतात. मी नातवाकडून शिकलो, तो आता मला टाळतो.

बिंदुसरा
सरांनी माझं निम्मं काम केलं. पेनड्राईव्हबद्दल उरलेलं सांगते, कारण इथंच लोक अडकतात आणि मग "टीव्ही खराब आहे" म्हणून सोडून देतात.

स्मार्ट नसलेल्या टीव्हीला पेनड्राईव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला लागतो, आणि त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी जात नाही. जुन्या शिणम्याला एक जीबी पुष्कळ. चित्र दिसतं पण आवाज नाही असं झालं तर फाईलचा आवाज डीटीएस किंवा डॉल्बी प्रकारचा आहे आणि तुमच्या टीव्हीकडं त्याचा परवाना नाही. हँडब्रेकमध्ये आवाज एएसी या साध्या प्रकारात करून घ्या. जुन्या शिणम्यांचा आवाज मुळात बारीक असतो, तिथंच थोडा वाढवूनही घेता येतो.

फाईलींची नावं मराठीत ठेवू नका, जुना टीव्ही चौकोन दाखवतो. इंग्रजीतही नकोत, मायला वाचता येणार नाहीत. मी नुसते आकडे दिले, आणि भिंतीवर टीव्हीशेजारी मोठ्या अक्षरात यादी चिकटवली. १ म्हणजे अमुक, २ म्हणजे तमुक. रिमोटच्या सोर्स बटणावर लाल नेलपॉलिश, ओकेच्या बटणावर हिरवं. बाकी सगळ्या बटणांवर चिकटपट्टी. सासूबाई आता स्वतः लावतात, वर शेजारणीला बोलावून दाखवतात.

आणखी एक. टीव्हीत चित्राचं माप ४:३ करून द्या. नाहीतर जुन्या शिणम्यातले सगळे बुटके आणि जाडे दिसतात. ललिता पवारांना ओळखायला मला वेळ लागला होता.

खडकीकर
हे माप फार महत्त्वाचं. काही यूट्यूबवाले तर पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापतात. नाचात पाय दिसत नाहीत आणि संवादात कपाळ! तमाशापटात पाय दिसले नाहीत तर बघायचं काय?

उदगीरकर सर
खडकीकर, एक शंका. आमच्या गल्लीच्या गणपतीत मुलांना यंदा प्रोजेक्टरवर 'संत तुकाराम' दाखवावा असे मनात आहे. मुदत संपली आहे म्हणता, तर परवानगी लागेल का?

खडकीकर
घरी बघणं आणि चौकात दाखवणं यात फरक आहे. 'संत तुकाराम'ची चित्रपट म्हणून मुदत संपलीय. पण गाण्यांच्या शब्दांचा हिशेब वेगळा चालतो, तो कवीच्या निधनानंतर ६० वर्षं. गंमत बघा, 'आधी बीज एकले' हा सगळ्यांना तुकोबांचा अभंग वाटतो, पण तो शांताराम आठवल्यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलेला आहे. तसंच 'सांगत्ये ऐका'तली गाणी गदिमांची. गदिमा गेले १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या शब्दांची मुदत २०३७ अखेरपर्यंत. शिवाय कुणी दुरुस्त करून काढलेल्या नव्या प्रतीवर तो वेगळा हक्क सांगू शकतो. तिकीट नसलं तरी जाहीर प्रयोग आहे, तेव्हा प्रत कुणाची आहे ते बघून त्यांना एक पत्र टाकून ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयालाही विचारता येईल. १९६४ ची संस्था आहे ती, २०२२ पासून एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालीय.

हळद वसमत
बरं मंडळी, मी टेलिग्रामचं शब्द मागं घेत नाही, पण सरांच्या सीडी कुठं बघायला मिळतील? माझ्या बापालाबी तमाशापट लई आवडतात.

उदगीरकर सर
घरी या. चहा घेऊ. सीडी बाहेर नेता येणार नाही.

गोदाकाठ
मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो, काय केलं ते सांगतो. डीटीएच बंद केलं. छत्री आमचीच होती, गंगाखेडच्या मेकॅनिकनं तोंड फिरवून फ्री डिशचा एमपीईजी-४ डबा जोडला, एलएनबी बदलावी लागली. मांजराकाठी दादांनी सांगितल्याप्रमाणं काँक्रीटचा डबा केला, अण्णांनी स्वतः उभं राहून भरून घेतला. पेनड्राईव्हवर मोकळे झालेले संतपट आणि दोन तमाशापट, आकडे घालून. भिंतीवर यादी. नेलपॉलिश घरात नव्हतं, गेरू लावला, तो दोन दिवसांत निघाला. शेवटी भाचीची बाटली मागवली.

कोंडकेंसाठी अण्णा संध्याकाळी स्वतःच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मोबाईल घेऊन बसायलेत. गुडघे दुखत नाहीत म्हणे तिथपर्यंत. एकूण खर्च तीन हजाराच्या खालीच राहिला.

एक अडचण आहे. लाईट गेली की पेनड्राईव्हवरचा शिणमा परत पहिल्यापासून सुरू होतो. आमच्याकडं लाईट दिवसातून कितीदा जाते सांगायला नको. माय पहिला अर्धा तास आता तोंडपाठ म्हणते.

बिंदुसरा
तुमच्या टीव्हीत 'जिथं थांबला तिथून' अशी सोय नसेल. शिणमा हँडब्रेकमध्ये अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत कापून घ्या. १-१, १-२, १-३ असे आकडे. लाईट आली की पुढचा तुकडा लावायचा. कापताना गाण्याच्या मधे कापू नका, शिव्या खाल.

मांजराकाठी
किंवा वायफायच्या राऊटरला लावतात तसला छोटा बॅटरी डबा फ्री डिशच्या बॉक्सला चालतो. टीव्हीला नाही चालत. बॉक्सचा ॲडाप्टर १२ व्होल्टचा हाय का ते मागं वाचून सांगा.

गोदाकाठ
बॉक्स चालू आणि टीव्ही बंद, त्याचा उपयोग काय दादा?

मांजराकाठी
आवाज तरी येईल का बघत होतो. नाही येणार. ताईंचं करा.